बांध, पीक आणि रस्ता

दर रमजानमध्ये, साधारण विसाव्या रोजाच्या सुमारास, मी एक जुनी वही काढून बसतो. जकातीचा हिशेब करायचा असतो. घरातलं सोनं, बँकेतली शिल्लक, कुणाला दिलेली उसनवारी हे पटकन मांडून होतं. गाडी अडते ती शेअर्सच्या ओळीपाशी. कारण तिथे नुसता आकडा लिहून भागत नाही. कारखान्याच्या यंत्रांवर जकात नसते, रोकड आणि विक्रीच्या मालावर असते, असं आमच्याकडचे बहुतेक आलिम सांगतात. म्हणजे आधी हे पाहावं लागतं की या पैशाच्या बदल्यात माझ्या मालकीचं नेमकं आहे तरी काय. इमारत आहे, माल आहे, रोकड आहे, की नुसता कोर्टातला एक दावा आहे?

हा शेवटचा पर्याय मला विनोदी वाटायचा. आता वाटत नाही.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा हाती आलेली रक्कम त्यांनी माझ्याकडे सोपवली आणि एकच अट घातली, व्याज नको. मुदत ठेव ठेवून व्याज घेणं त्यांना मान्य नव्हतं. भागीदारी चालेल, म्हणजे नफा झाला तर आपला आणि तोटा झाला तर तोही आपला. २०११ साली अमेरिकेच्या नॅसडॅक-१०० निर्देशांकाचा एक फंड आपल्याकडच्या शेअर बाजारात मिळू लागला होता. त्या निर्देशांकात बँका आणि वित्तसंस्था घेतच नाहीत, ही गोष्ट मला आमच्या घरासाठी सोयीची वाटली. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, गुगल, इंटेल, क्वालकॉम अशी नावं होती. यादी नीट वाचली तेव्हा जुगाराची हॉटेलं चालवणारी एक कंपनीही त्यात निघाली. तिच्या वाट्याची रक्कम दरवर्षी दान करायची असं ठरवून मी थोडे पैसे गुंतवले. अब्बांनी विचारलं, "या कंपन्या विकतात काय?" मी म्हणालो, "फोन, कॉम्प्युटर, त्यातले चिप्स." ते म्हणाले, "म्हणजे पीक दिसतंय. बरं आहे."

अब्बा असं का म्हणाले ते कळायला आमच्या घरातली एक जुनी गोष्ट माहीत असावी लागते.

कोरेगाव तालुक्यात आमची थोडी जमीन होती. शेजारच्या रानाचा मालक आजोबांच्या चुलत्यांपैकीच होता. एका पावसाळ्यानंतर आजोबांना वाटलं की शेजाऱ्यानं बांध कोरला, दोन हात जमीन आत ओढली. शेजाऱ्याचं म्हणणं बरोबर उलटं होतं. मोजणी झाली, मोजणीवर हरकत आली, पुन्हा मोजणी झाली, मग साताऱ्याच्या कोर्टात दावा उभा राहिला. एकोणीस वर्षं तारखा पडल्या. ज्याने दुसऱ्याची वीतभर जमीन बळकावली त्याला कयामतच्या दिवशी काय भोगावं लागेल हे दोघांनाही पाठ होतं, आणि दोघांचीही पक्की खात्री होती की ते समोरच्याला लागू आहे. तारखेच्या दिवशी खुरपणी राहून जायची. वकिलाची फी द्यायला एकदा उभा ऊस खोडव्यासकट विकला गेला. दोन हात जमिनीत वर्षाला पिकून पिकून किती पिकलं असतं? अब्बांनी मास्तर झाल्यावर तो हिशेब एकदा कागदावर मांडला होता. तो कागद त्यांनी आजोबांना कधीच दाखवला नाही.

मी नेमका त्याच २०११ साली पेटंट मोजायला शिकलो.

पेटंट म्हणजे सरकारनं शोधकर्त्याला दिलेला बांध. तुझी युक्ती सगळ्यांना कळेल अशी लिहून दे, त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं तुझ्या परवानगीशिवाय ती कुणी वापरणार नाही, असा हा सौदा. तो मुळात वाईट नाही. दहा वर्षं प्रयोगशाळेत घालवणाऱ्याच्या रानात दुसऱ्याच्या शेळ्या चरू नयेत, हे कुणालाही पटेल. पण २०११ मध्ये बाजाराला पिकापेक्षा बांधाचंच वेड लागलं. कॅनडाची नॉर्टेल ही दूरसंचार कंपनी बुडाली होती आणि तिची सुमारे ६,००० पेटंट लिलावात निघाली. गुगलनं पहिली बोली ९० कोटी डॉलरची लावली. शेवटी ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सोनी, एरिक्सन, ब्लॅकबेरी बनवणारी कंपनी आणि आणखी एक अशा गटानं ती ४.५ अब्ज डॉलरला घेतली. दीड महिन्यानं गुगलनं मोटोरोला मोबिलिटी १२.५ अब्ज डॉलरला विकत घेणार असल्याचं जाहीर केलं. त्यामागचं मोठं कारण होतं मोटोरोलाकडची सुमारे १७,००० पेटंट.

आम्हा छोट्या गुंतवणूकदारांना यातून एक सोपं गणित मिळालं. पेटंटची संख्या घ्या, लिलावातल्या भावानं गुणा, बाजारात शेअर त्याहून स्वस्त असेल तर उचला. मीही वहीत एक वेगळं पान केलं. वर शीर्षक लिहिलं, 'दडलेली मालमत्ता', आणि पहिलं नाव लिहिलं कोडॅक.

कोडॅक आमच्या पिढीला कुणी सांगायला नको. लग्नाच्या फोटोग्राफरच्या बॅगेत तो पिवळा खोका असायचाच. आता ही कंपनी फिल्मचा धंदा संपत आल्यामुळे गाळात होती. पण जुलै २०११ मध्ये तिनं डिजिटल छायाचित्रणाची ११०० हून अधिक पेटंट विकायला काढण्याची तयारी जाहीर केली. मोटोरोलाची बातमी आल्यावर तिचा शेअर उसळला. मी अब्बांना समजावून सांगितलं की कंपनीच्या सगळ्या शेअर्सची किंमत तिच्या पेटंटपेक्षा कमी आहे, म्हणजे रुपयाची नोट आठ आण्यांत मिळते आहे. त्यांनी तोच प्रश्न विचारला, "ही कंपनी आता विकते काय?"

"प्रिंटर विकते. आणि पेटंट."

"आणि पेटंट विकून झाली की?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परदेशी शेअर थेट घ्यायची कागदपत्रंही माझी पूर्ण झालेली नव्हती. या दोन्हींमुळे ते पान तसंच राहिलं. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. स्वतःच्या पेटंटची किंमत तिनं २.२ ते २.६ अब्ज डॉलर सांगितली होती. डिसेंबरात सौदा ठरला तो सुमारे ५२.५ कोटींचा. घेणाऱ्यांत ॲपलही होती, गुगलही होती. नॉर्टेलच्या वेळी एकमेकांविरुद्ध बोली लावणारे या वेळी एकाच गटात बसले होते. बोली लावणाराच दुसरा उरला नाही तर भाव कुठून येणार? २०१३ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली, पण जुन्या भागधारकांच्या हाती काहीही लागलं नाही.

यातली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. डिजिटल कॅमेरा पहिल्यांदा बनवला तो कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरनं, १९७५ साली. साडेतीन किलोंहून जड असलेलं ते यंत्र एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचं. कंपनीनं त्याचं पेटंट घेतलं आणि फिल्म विकत राहिली. शोध आपला आहे, कागद आपल्याकडे आहे, मग घाई कशाला? त्याच्या पुढच्याच वर्षी पोलरॉईड कंपनीनं कोडॅकवर झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याच्या पेटंटचा दावा ठोकला. हा दावा पेटंटच्या इतिहासातला एक मोठा विजय मानला जातो. १९८६ मध्ये कोडॅकला तो धंदाच बंद करावा लागला आणि १९९१ मध्ये ९२.५ कोटी डॉलर मोजावे लागले. आणि मग? जिंकलेल्या पोलरॉईडनं २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, हरलेल्या कोडॅकनं २०१२ मध्ये. दोघं ज्या बांधावरून भांडत होते त्या शिवारातून लोकच उठून गेले होते.

हे वाचलं त्या रात्री मला आजोबांचा तो विकलेला ऊस आठवला.

यावर कुणी म्हणेल की बुडत्या कंपन्यांचं सोडा, बलाढ्य कंपन्यांचं पाहा. तेही पाहू. एप्रिल २०११ मध्ये ॲपलनं सॅमसंगवर दावा केला की त्यांनी आयफोनची नक्कल केली. त्यात तंत्राची पेटंट होती, तशीच आकाराचीही होती. गोल कोपऱ्यांचा काळा आयत, त्यावर चिन्हांच्या ओळी. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युरीनं १ अब्ज डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. निकालानंतरच्या सोमवारी सॅमसंगचा शेअर सात टक्क्यांहून जास्त पडला, आणि माझ्या फंडात ॲपल असल्यामुळे मी खूश झालो. आपला माणूस केस जिंकल्यासारखं वाटलं. पण ती रक्कम मग कमी झाली, काही भागावर फेरसुनावणी झाली, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आलं. २०१८ मध्ये नव्या ज्युरीनं सुमारे ५४ कोटी डॉलर ठरवले आणि पुढच्याच महिन्यात दोघांनी तडजोड केली. सात वर्षं लागली. या काळात ॲपल आपल्या फोनचे सुटे भाग सॅमसंगकडूनही घेतच होती. सॅमसंग जगात सर्वांत जास्त फोन विकतच होती. आणि ॲपल २०१८ च्या ऑगस्टमध्ये १ लाख कोटी डॉलरची कंपनी झाली ती लोक तिचे फोन घेत राहिले म्हणून. कोर्टात मिळालेली भरपाई त्या आकड्यापुढे चिल्लर होती.

मला खरा धडा मात्र ॲपल आणि क्वालकॉम यांच्या भांडणानं दिला, कारण ते दोघंही माझ्याच वहीत होते.

क्वालकॉम फोनमधले चिप्स बनवते. मोबाईल संदेशवहनातलं बरंच मूळ संशोधनही तिचं आहे आणि त्याची पेटंट तिच्याकडे आहेत. या पेटंटचं भाडं ती नुसत्या चिपच्या किमतीवर घेत नसे, सगळ्या फोनच्या किमतीवर टक्क्यानं घेत असे. फोनला चांगला कॅमेरा लावला, काच महाग वापरली, तरी भाडं वाढणार. शिवाय आधी परवाना, मगच चिप, असा तिचा शिरस्ता होता. वर्षानुवर्षं तिच्या नफ्याचा मोठा भाग या परवान्यांतूनच आला. चीननं २०१५ मध्ये तिला ९७.५ कोटी डॉलरचा दंड केला. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं स्पर्धा मारल्याचा खटला भरला आणि काही दिवसांतच ॲपलनंही दावा केला. त्यानंतर बाजार उघडला तेव्हा क्वालकॉमचा शेअर एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला.

दोन वर्षं हे चाललं. १६ एप्रिल २०१९ ला सॅन डिएगोच्या कोर्टात सुनावणी सुरू झाली आणि त्याच दिवशी तडजोड जाहीर झाली. ॲपल पैसे देणार, सहा वर्षांचा परवाना घेणार, क्वालकॉमचे चिप पुन्हा विकत घेणार. क्वालकॉमचा शेअर त्या दिवशी २३ टक्के वाढला. त्याच संध्याकाळी इंटेलनं स्मार्टफोनच्या ५जी मोडेमच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं सांगितलं. इंटेलही माझ्या फंडात होती. म्हणजे हिशेब असा झाला की माझ्या एका खिशातून पैसे निघून दुसऱ्या खिशात गेले, तिसऱ्या खिशाला भोक पडलं, आणि मधल्या दोन वर्षांची वकिलांची फी सगळ्या खिशांनी मिळून भरली. व्यापार आयोग मे २०१९ मध्ये खालच्या कोर्टात जिंकला आणि ऑगस्ट २०२० मध्ये वरच्या कोर्टात हरला. इतका मोठा खटला, पण बाहेर बसलेल्या गुंतवणूकदाराला कोण जिंकणार हे आधी कळायची काहीही सोय नव्हती. ज्याचा निकाल नाण्यासारखा हवेत आहे त्याच्यावर पैसे लावणं म्हणजे भागीदारी नव्हे. त्याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे, आणि त्या शब्दापायीच मी त्या हॉटेलवाल्या कंपनीच्या वाट्याची रक्कम दान करतो.

इथे माझ्या मामेभावाची आठवण येते. त्याचं साताऱ्यात मोबाईलचं छोटं दुकान आहे. डिसेंबर २०१४ मध्ये त्यानं फोन करून विचारलं, "भाई, शाओमीचे फोन बंद होणार म्हणतात. खरं का?" एरिक्सननं आधी मायक्रोमॅक्सवर आणि मग शाओमीवर दिल्ली उच्च न्यायालयात पेटंटचे दावे केले होते आणि शाओमीच्या विक्रीवर मनाई आली होती. थोड्याच दिवसांत न्यायालयानं क्वालकॉमच्या चिपवर चालणारे फोन विकायला तात्पुरती परवानगी दिली, मात्र दर फोनमागे १०० रुपये जमा करायचे. त्या वेळी रेडमी वन एस ५,९९९ रुपयांना मिळायचा. शेतमजुराच्या, रिक्षावाल्याच्या पोराच्या हातातला तो पहिला इंटरनेटचा फोन. १०० रुपये जास्त आहेत की कमी, हे कुणी ठरवायचं?

यात एरिक्सनची बाजूही खोटी नाही. मोबाईलचं तंत्र ज्यांनी घडवलं त्यात तिचा वाटा मोठा आहे, आणि तिचा शोध वापरून फोन विकणाऱ्यानं काहीच देऊ नये असं म्हणता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं लावा या भारतीय कंपनीला एरिक्सनला सुमारे २४४ कोटी रुपये द्यायला सांगितलं. परंतु ही पेटंट साधी नसतात. ती मानकाचा भाग असतात. ती टाळून फोन बनवताच येत नाही, कारण सगळ्या जगाचे फोन एकमेकांशी त्याच रीतीनं बोलतात. म्हणून अशा पेटंटचे मालक मानक ठरतानाच कबूल करतात की आम्ही वाजवी दरानं आणि भेदभाव न करता सगळ्यांना परवाना देऊ. वाजवी म्हणजे किती, यावरच सगळी भांडणं आहेत.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बांध तुझा आहे, पण त्यावरून मागच्या रानात जायची वहिवाट असेल तर ती तुला अडवता येत नाही. १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्यात रस्त्याचा अडथळा दूर करायची तरतूद आहे आणि आजही लोक तिच्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज घेऊन जातात. मालकी आणि वहिवाट या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शहाणपण लागतं ते दोन्ही सांभाळण्यात.

आमचा दावा असाच मिटला. आजोबा गेले, शेजारीही दोन वर्षांत गेले. दावा अजून चालूच होता. मग अब्बा एका शुक्रवारी नमाजनंतर शेजाऱ्याच्या मुलाला मशिदीच्या पायरीवर भेटले आणि म्हणाले, "ते दोन हात तू ठेव. विहिरीकडची गाडीवाट मात्र दोघांची राहू दे." त्यानं लगेच हो म्हटलं. त्यालाही त्याच्या बापाचा हिशेब बहुधा माहीत असावा. चुलत्यांनी अब्बांना नावं ठेवली, मास्तरानं जमीन सोडली म्हणाले. त्या वर्षी पहिल्यांदा दोन्ही रानांत वेळेवर पेरणी झाली.

माझी गुंतवणूक अजून चालू आहे. 'दडलेली मालमत्ता' हे पान मी फाडलं नाही, फक्त खाली तीन प्रश्न लिहिले. पहिला, कंपनी आज काय पिकवते? दुसरा, तिचा बांध पीक राखायला आहे की पिकाच्या जागी आहे? तिसरा, तिच्या बांधावरून दुसऱ्यांना वाट आहे का? वाट बंद करून कमावणारी कंपनी काही वर्षं भरपूर देते, हे मला माहीत आहे. पण कधी ना कधी मामलतदार येतोच. तो चीनचा असेल, अमेरिकेचा असेल किंवा दिल्लीचा. आणि तो आला नाही, तरी त्या नफ्यातले १०० रुपये माझ्या मामेभावाच्या गिऱ्हाईकाच्या खिशातून आलेले असू शकतात, हे वहीत नीट दिसलं पाहिजे.

अब्बा आता नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं अक्षर आहे, निवृत्तीच्या रकमेचा आकडा आणि खाली 'व्याज नको' एवढेच दोन शब्द. गेल्या रमजानमध्ये माझी मुलगी शेजारी बसून विचारत होती की शेतीची जकात वेगळी का असते. मी तिला उश्र समजावून सांगितला. पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा, पाणी देऊन पिकवलं तर विसावा.

"आणि जमीन कितीही मोठी असली तरी?" तिनं विचारलं.

"जमिनीवर नाही," मी म्हणालो. "जे पिकलं त्याच्यावर."

तिनं मान डोलावली आणि विचारलं, "मग बांधावर?"

मी हसलो, आणि शेअर्सच्या ओळीकडे वळलो.